भट्टी क्रमांक दोन

लॅपटॉप तूर्त मिटवा.
आज गुरुवार, भोसरीची साप्ताहिक सुट्टी.
भट्ट्या थंड आहेत, म्हणून तर दस्तगीरभाईंना वेळ आहे
आपल्याला वही दाखवायला.

ही ती वही.
लांबट, कापडी बांधणीची, पानापानाला तेलाचा वास.
तारीख, पाळी, भट्टी, तापमान, किती मिनिटं, किती पाटे,
आणि शेवटच्या रकान्यात सही,
जी वाचता येत नाही
पण ओळखता येते.

ओजस, सकाळी बसमध्ये तू विचारलंस,
हे सगळं एकाच मोठ्या डेटाबेसात
का ओतत नाही एकदाचं?
मला नको, त्यांना विचार.

दस्तगीरभाई हसले.
चहाचा ग्लास वहीवर ठेवला, पेपरवेटसारखा.
"बाळा, माझा दर ज्याच्या हाती लागेल
तो पुढच्या वर्षी मला दीड रुपयानं खाली ओढेल.
चाकणचा साहेब वेगळा,
त्याच्या वरचा, परदेशातला, वेगळा,
आणि पलीकडच्या गाळ्यात माझा सख्खा साडू
हेच पाटे बनवतो."

लिहून घ्या.
हिंजवडीच्या वर्गात मी ज्याला
चौदा स्लाइड लावते
ते एवढंच आहे.

वही इथेच राहते. कुठे काही ओतायचं नाही.
आपण भिंतीला फक्त एक खिडकी पाडतो
आणि खिडकीला घालतो बोली:
कोण विचारतंय, कशासाठी, किती दिवसांपुरतं.
भट्टी दिसेल, दर दिसणार नाही.
पाळी दिसेल, माणूस दिसणार नाही.
बोली मान्य असेल तर पान उघडतं,
तेवढंच पान.

खिडकी नव्हती तेव्हाचं सांगते.
खंबाटकीच्या चढावर एका टेम्पोचा पाटा तुटला.
कांदे रस्ताभर, ड्रायव्हर वाचला.
पाटा कोणाचा, कुठल्या दिवसाचा,
कोणालाच सांगता येईना.
चाळीस हजार गाड्या परत बोलावल्या,
चांगल्या-वाईट सगळ्या, सरसकट,
आणि चार महिने आम्ही
एकमेकांना ईमेल पाठवत बसलो,
प्रत्येकात "सोबत जोडले आहे",
जोडलेलं काहीच नाही.

दुसऱ्यांदा तुटला तो शिक्रापूरजवळ.
तोवर खिडकी बसली होती.
प्रश्न चाकणहून निघाला,
रांजणगावला थोडा थांबला,
भोसरीत आला, आणि चहा निवायच्या आत
उत्तर घेऊन परत गेला.
दोनशे अकरा गाड्या.
भट्टी क्रमांक दोन, तिसरी पाळी.

हो, हीच भट्टी.
ओजस, तू टेकलायस तीच.

आमच्या मजल्यावर टाळ्या पडल्या.
मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.
दुसऱ्या दिवशी सकाळी सातला
दस्तगीरभाईंचा फोन:
"मॅडम, तुमच्या खिडकीतून पहिला दगड
माझ्याच घरात आला की हो."

याची स्लाइड माझ्याकडे नाही.
अजूनही नाही.
तुमच्यापैकी कोणाला सुचली तर सांगा.
एवढंच पाहिलंय,
की त्यांनी खिडकी बुजवली नाही.
वहीत एक रकाना वाढला,
तापमापक कधी तपासला त्याचा,
पट्टी न लावता आखलेला, जरा तिरका.
का बुजवली नाही, ते मी विचारलेलं नाही.

शर्वाणी मात्र वहीवर वाकून
ते जुनं पान शोधते,
आणि तिला ते सापडतं.
त्या रात्रीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणते,
"ही सही कोणाची, काका?"

दस्तगीरभाई ग्लास उचलतात.
वही मिटतात, वर हात ठेवतात.
"खिडकीतून दिसते का ती?"

नाही.

"मग राहू दे."

चला. नाशिक फाट्याला अडकायचं नसेल
तर आत्ता निघायला हवं.