शोकेसमधला फोटो

डिचोलीच्या बसस्टँडमागे माझा स्टुडिओ.
खाणी चालू होत्या तेव्हा
काचेवर रोज लाल धूळ बसायची.
मी ती पुसायचो,
आणि आत येणाऱ्या मुलींचे चेहरेही.

वासंती चारी तेव्हा एकोणीस वर्षांची.
वास्कोच्या स्थळाला फोटो पाठवायचा होता.
मावशी म्हणाली, जरा उजळ काढ रे.
मी दिवा डावीकडून वाढवला,
म्हापशाच्या लॅबला चिठ्ठी लिहिली:
चेहरा थोडा हलका.
एवढंच.

स्थळ आलं, चहा प्यालं,
आणि फोटोतली मुलगी कुठे आहे म्हणून
तिच्या मागच्या दाराकडे बघत राहिलं.

त्यानंतर ट्यूब.
शुक्रवारच्या बाजारात, काकणांच्या दुकानात,
खोक्याशिवाय, एक संपायच्या आत दुसरी.
अकरा वर्षं.
मध्ये फोंड्याला लग्न झालं, मुलगी झाली.
आधी उजळली, हे खरं.
चवथीच्या माटोळीच्या बाजारात
मीच विचारलं होतं, काय लावतेस गं?
हसली होती.
मग उन्हात चुरचुरायला लागलं.
मग गालांच्या हाडांवर
शिनाण्यांच्या शिंपल्याचा रंग,
निळा म्हणावा तर करडा,
त्यात नाचणीच्या दाण्यांसारखे ठिपके.
ते झाकायला पुन्हा तीच ट्यूब.

काल आली. बांबोळीच्या डॉक्टरनं
फाइलसाठी फोटो मागितलेत,
समोरून, डावीकडून, उजवीकडून.
क्रीम बंद. दर तीन महिन्यांनी पुन्हा फोटो,
डाग किती उतरला ते बघायला.
"उतरला तर," ती म्हणाली
आणि ओढणी सोडली.

माझा कॉम्प्युटर आपणहून चेहरे गुळगुळीत करतो.
ते बंद कुठून करायचं
मला ठाऊक नव्हतं.
तिच्या मुलीनं दोन बटणं दाबून दाखवलं.

निघताना ती शोकेसपाशी थांबली.
वास्कोच्या त्या फोटोची कॉपी
मी तिथे लावून ठेवली होती, नमुना म्हणून.
इतक्या वर्षांच्या उन्हात
तिच्यातला लाल गेला, पिवळा गेला.
कपाळ निळं, गाल निळे,
अबोलीचा वळेसरसुद्धा निळा.
"हीय निळी जाली मरे,"
म्हणाली, आणि मुलीचा हात धरून
बस पकडायला गेली.

रात्री काढायला गेलो
तर कागद काचेला चिकटलेला.
नखानं सोडवत बसलो.
हनुवटी तेवढी हातात आली.
बाकीचा चेहरा
अजून रस्त्याकडे बघतोय.