काट्यावरचा खेकडा

खेळ अजून खेळ म्हणावा असा झालेला नाही.
एक पिवळी होडी, जराशी तिरकी काढलेली,
खाली खाडीसारखं काहीतरी निळं,
आणि डावं बटण दाबलं की होडी उजवीकडे जाते.
ते उद्या बघू.

आज फक्त कोपऱ्यातला आकडा.
एका सेकंदात किती फ्रेम पडद्यावर येतात
एवढंच सांगायचं त्यानं.
यास्नाने सोपं गणित मांडलं:
एक भागिले मागच्या फ्रेमला लागलेला वेळ.
आणि आकडा सुटला
एकसष्ट अठ्ठावन्न त्रेसष्ट एकशेदोन एकोणसाठ
वाचावा तोवर पुढचा,
घडीत तोळा, घडीत मासा.
शंभरी ओलांडली की शेजारचा शब्द दचकून सरकतो,
भरल्या बाकावर आणखी एक जण टेकल्यासारखा.

"माशी बसलीय का तिथे?"
बुटातलं पाणी ओतत आईने विचारलं.

एदुविना आन्कुदच्या बाजारात खेकडे विकते, जिवंत.
काट्यावर ठेवला की खेकडा पाय झाडतो:
नऊशेवीस, नऊशेपाच, हजारचाळीस.
गिऱ्हाइकाची नजर खालच्या आकड्यावर.
एदुविना हात एप्रनच्या खिशात घालते,
मनात तीनपर्यंत मोजते
आणि मग बोलते वजन.
एकोणीस वर्षांत कुणी हुज्जत घातली नाही,
एक ओस्वाल्दो सोडला तर,
आणि तो हवेशीही घालतो.

तीनपर्यंत.
यास्नाने अर्ध्या सेकंदापर्यंत ठरवलं.
आधी उड्या मारणाऱ्या आकड्यांचीच सरासरी काढली,
ती फुगली, खोटी निघाली.
मग दोन डबे केले,
एकात फ्रेम मोजून टाकायच्या, दुसऱ्यात वेळ,
अर्धा सेकंद भरला की एकदाच भागायचं,
लिहायचं, दोन्ही डबे पालथे.
प्रत्येक अंकाला सारख्या रुंदीची जागा दिली,
एक असो की आठ.

साठ.
साठ.
एकोणसाठ.
साठ.
रात्रीचे सव्वाबारा. ती नुसती बघत बसली.

सकाळी आईने ओल्या बोटांनी होडी चालवली.
जाळ्याशी पोचली आणि म्हणाली, "अडकली."
"नाही गं. बघ, पंचावन्न. पंचावन्न काही वाईट नाही."
"आकडा वाईट नाही. होडी अडकली."
मग चहा फुंकत,
"मी तीनपर्यंत मोजते ते पैसे घ्यायला.
मापात पाप नको म्हणून.
पण मधेच नांगी बसते ती एकदाच बसते,
तिची सरासरी बोटाला लागत नाही."
आणि अंगठ्यावरचा पांढरा वण दाखवला,
जो यास्नाने हजारदा पाहिला होता.

त्या मोठ्या आकड्याखाली आता एक छोटा आहे, राखाडी:
इतक्यातली सर्वांत लांबलेली फ्रेम.
जाळ्यापाशी तो अठ्ठावन्न मिलिसेकंद म्हणतो.
जाळ्याच्या प्रत्येक गाठीचं चित्र
त्या क्षणी नव्याने फाइलमधून येत होतं,
हे सापडायला अख्खा रविवार गेला.

आता फक्त ते डावं-उजवं उरलंय.
"ते कशाला बदलतेस?" आई म्हणाली.
"सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला
की होडी उजवीकडेच वळते.
मला वाटलं, एवढं तरी तू
बघून केलंस."