परत मिळालेले दोनशे

पहाटे सहाला निवतीच्या वाळूत
चपला हातात घेऊन आम्ही नऊ जण उभे.
निपाणीचे चौघे भाऊ, एकसारख्या टोप्यांतले,
इस्लामपूरचं नवं जोडपं,
एक मुलगी, जिचा फोन पिशवीत, पिशवी डब्यात, डबा सॅकमध्ये,
तिचा मामा,
आणि मी, तलाठी कार्यालयातून मागच्या महिन्यात सुटलेली.
माणशी बाराशे, नाश्ता-जेवणासह.
'डॉल्फिन दिसल्यास नशीब' असं पावतीवरच छापलेलं.

लाइफ जॅकेटला काल कुणाचा तरी घाम लागलेला.
बकल लावता लावता रुजाय फर्नांडिस विचारतो,
"मावशे, पोवाक येता?"
मी म्हणते, समुद्रापासून चारशे पावलांवर जन्मले मी.
"म्हणजे नाय," तो म्हणतो
आणि पट्टा आणखी ओढतो.

खरं कारण कुणाला सांगितलं नव्हतं.
त्या बेटावरचा दिवा
आमच्या पडवीच्या गजांतून आयुष्यभर आत येतोय.
त्याच्या उजेडात अभ्यास केला वगैरे काही नाही,
तेवढा तो थांबतच नाही.
बाबांना तांब्यातून शेवटचं पाणी दिलं तेव्हा मात्र
दोन घोटांच्या मध्ये येऊन गेला होता.
इतकी ये-जा असलेल्याच्या घरी
आपण एकदाही जाऊ नये
हे बरं दिसत नाही.

सुरूची झाडं आधी हिरवी होती, मग करडी,
मग शिसपेन्सिलीची रेघ.
डॉल्फिन आले. दोन पाठी, ओल्या रबरासारख्या.
निपाणीकरांनी टाळ्या वाजवल्या, तसे गेले.
नऊच्या सुमारास नव्या नवरीला उलटी झाली,
नवरा तिची वेणी धरून उभा राहिला.
अल्बममध्ये हा फोटो नसणार.

जवळून ते बेट असं नव्हतंच फारसं.
काळ्या दगडांची बैठक, पाखरांनी पांढरी सारवलेली.
कपारींतून पाकोळ्या सुटत होत्या,
कुणी मूठभर उडीद उधळावेत तशा.
आणि वर दिवा,
दिवसा झोपलेला, बुटका, पोपडे आलेला.
मला वाटलं होतं, ओळखेल.

लाट दगडावर चढायची
आणि घरचीच असल्यासारखी सावकाश उतरायची.
तीनदा जवळ गेलो.
तीनदा रुजायने काठीने होडी मागे रेटली.
"आज उतराक जमाचा नाय. पाणी फुगला हा."
मामांनी पैशांचं काढलं.
मुलीने डब्यातून, पिशवीतून, शेवटी फोन काढला.
मी नुसता हात लांब केला.
चार हात कमी पडले.

मग जेवण तिथेच, हेलकावत.
बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी,
सोलकढीलासुद्धा पेल्यात लाटा.
सगळे बेटाकडे तोंड करून जेवत होते,
मी पाठ फिरवून किनारा शोधत होते.
"थंय," रुजाय म्हणाला, "त्या डोंगराच्या नाकाखाली तुमचा घर."
नाक दिसलं. घर नाही.
चष्मा पुसून पाहिलं, मीठ आणखी पसरलं.

म्हणजे तो कधी आमच्याकडे येतच नव्हता.
जहाजांसाठी फिरायचा,
वळताना पदर लागावा कुणाचा
तसे आम्ही त्याला लागायचो,
तेही त्याच्या लक्षात न येता.
वाईट वाटलं का?
भाकरी संपवली. भूक होती.

संध्याकाळी वाळूत पाय टेकले तर वाळू हलत होती.
रुजाय प्रत्येकाला दोनशे परत देत होता.
"उतरलंव नाय ना? मगे?"
नको म्हणणार होते.
पण छत्तीस वर्षं हिशेबात गेली. घेतले.

नोट ओली होती.
पडवीत पाटावर वाळत घातली,
वाऱ्याने उडू नये म्हणून वर तांब्या ठेवला.
जमीन अजून डोलत होती.
दिवा आला.
तांब्या दिसला.
गेला.