काहीही न घडल्याचा फोटो

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरतो:
‘खालच्या आळीतली मशीद पेटवली म्हणे.’
ह्या एका ‘म्हणे’वर
आमच्या आंबोन शहरात किती घरं जळाली
त्याचा हिशेब कुणापाशीच नाही.

मी रुगाया. मोबाइल दुरुस्त करते,
फुटलेल्या काचा, पाणी गेलेले स्पीकर.
पोरीचं पांघरूण सारखं करते, चपला अडकवते, निघते.
मशिदीच्या पायरीवर मांजर झोपलंय.
दिवा चालू. नळ नेहमीसारखा गळतोय.
फोटो काढते मांजराचा, नळाचा
आणि भिंतीवरच्या घड्याळाचा,
कारण ‘फोटो जुना आहे’ म्हणणारे असतातच.
पाठवते खाडीपलीकडे, ओनेसिमसला.

तो चर्चचा जनरेटर सांभाळतो.
तिकडच्या पोरांनी तोवर बाटल्यांत पेट्रोल भरायला घेतलेलं असतं,
तिकडेही एक ‘म्हणे’ पोचलेला असतो,
आमच्या नावाचा.
तो दाराचा फोटो पाठवतो:
निळं दार, कुलूप,
रविवारच्या गाण्यांचे आकडे लिहिलेली फळी.
गल्लीच्या तोंडाशी जमलेल्यांना मी तो दाखवते.
हामजा मोठा करून बघतो,
कुलूप खरंच लागलंय का.
मग जांभई देतो.

त्या जांभईसाठी मी काहीही द्यायला तयार आहे.

आम्ही मित्र वगैरे नाही.
नव्याण्णव साली माझा भाऊ लवंगा वाळत टाकायला गेला,
चटई तेवढी सापडली.
त्याच साली ओनेसिमसचं घर, त्याची आई आत असताना…
हे वाक्य त्यानं कधी पुरं केलं नाही
आणि मी पुरं करून मागितलं नाही.
त्याचा येशू त्याच्यापाशी, माझी नमाज माझ्यापाशी.
ह्यातलं त्यात ओतायचं नाही,
हे न बोलता ठरलेलं.
फक्त त्याच्या दाराला कुलूप आहे ना,
एवढं मला झोपण्याआधी कळायला हवं.

मागच्या वर्षी सेराम बेटावरचे मातोके आजोबा
चार्जिंगचं काम घेऊन दुकानात आले.
डोक्याला लाल फडकं,
ओळखपत्रावर धर्माच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.
म्हणाले, ‘तुमच्या यादीत मशिदी आहेत, चर्च आहेत.
आमचा पूर्वजांचा दगड?’
‘त्याला कोण काय करणार?’
‘केलं. महिन्यापूर्वी गटारात ढकलला.
अफवासुद्धा उठली नाही, पोरी.
अफवा उठायला आधी असावं लागतं.’

पैसे घेतले नाहीत.
तेवढ्यानं भागलं नाही.

रविवारी प्रार्थना आटोपून ओनेसिमस आला,
पहार आणि तीन पोरं घेऊन;
त्यातला एक बाटल्या भरणारा.
माझ्याकडून हामजा.
‘हात लावण्याआधी विचारायचं असतं,’ आजोबा म्हणाले.
काय विचारायचं ठाऊक नव्हतं,
तरी वाकून विचारलं.
दुसऱ्याचा देव किती जड
ते त्या दिवशी पाठीला कळलं.

काल रात्री पुन्हा फोन.
पुन्हा चपला.
आता तीन फोटो ये-जा करतात:
कुलूप,
दगड, त्यावर कुणी ठेवलेली सुपारी,
आणि आमची पायरी.
तिन्हींत काहीच घडत नाहीये.

मांजरानं तेवढी कूस बदलली होती.