इब्रीची जमीन

डॉक्टर इद्रीस सुदानचे. त्यांच्या अरबीत प नाही,
म्हणून हजेरीत मी परकारचा बारकार होतो.
बेचाळीस वर्षांचा वर्गात मी एकटाच,
बाकीच्यांच्या मिश्या अजून ठरायच्या आहेत.

दिवसभर सोहारच्या बंदरात केबल ओढतो,
साडेसहाला शर्ट बदलतो, बूट तेच,
आणि तिसऱ्या बाकावर बसतो, एसीखाली नाही,
तो एसी मागच्या उन्हाळ्यात आमच्याच कंपनीने बसवलाय,
पाणी कुठे गळतं ते मला ठाऊक आहे.

पुस्तक इंग्रजी, मुलांच्या कुजबुजी अरबी,
आकडेमोड मात्र मी म्हाप्रळच्या शाळेतली करतो,
ओठ हलतात: सात आठे छप्पन,
शेजारच्या मैथाला वाटतं, मी दुवा मागतोय.

पहिल्याच सत्रात उणे एकचं वर्गमूळ निघालं.
वीस वर्षं ज्या तारांना हात लावले
त्यांच्यात काल्पनिक काही असतं
हे कुणी सांगितलं नव्हतं.
झटका तर खराच बसायचा.

मैथाला लाप्लास तोंडपाठ,
पण टर्मिनलला हात लावायचा म्हटलं की डोळे मिटते.
मी आधी मेन बंद करतो, टेस्टर लावून दाखवतो,
मग पुन्हा दाखवतो,
मग ती एक डोळा उघडते.
रिपोर्ट तीच लिहिते. अक्षर मोत्यासारखं आहे पोरीचं.

रात्री इंटिग्रेशन अडलं की घरी फोन.
तहूरा बारावीला. तिकडे साडेअकरा झालेले,
आई ओरडत असते मागून, झोपू दे तिला,
आणि ती दबक्या आवाजात सांगते,
अब्बा, शेवटी अधिक सी लिहायचं,
दरवेळी विसरता तुम्ही.
विसरतो खरा.

आता त्या पेपरचं.
प्रश्न चौथा, गुण दहा:
जमीन शून्य व्होल्ट का मानतात?
पोरांनी तीन ओळींत उरकलं. व्याख्याच आहे.
मला व्याख्या येत होती.

पण हात चालला इब्रीकडे,
दोन हजार अकराचा जुलै, वाळवंटातलं सबस्टेशन,
तीन मीटर खड्डे, तांब्याची सळी, मीठ, कोळसा,
सगळं रीतीप्रमाणे,
आणि मीटर एकशे चाळीस ओहम दाखवत थांबलेला.
जमीन करंट घ्यायलाच तयार नाही.
इतकी कोरडी, की तिच्यात काही सोडलं
तर ते तसंच उभं राहायचं, दारात पाहुणा राहावा तसं.

मग दर गुरुवारी टँकर.
पाइप धरून मी एकेका खड्ड्यात पाणी सोडायचो,
नव्या कलमांना घालावं तसं, सावकाश, बुडाशी,
फोरमन हसायचा, काय पेरलंस रे?
दोन महिन्यांनी आकडा नऊवर आला.

मी लिहिलं: जमीन शून्य नसते, सर.
शून्य ठेवावी लागते.
मग वाटलं, हे फार झालं,
खाली व्याख्याही लिहिली, घासाघीस नको.

दहापैकी सहा आले.
समासात लाल शाईत: कुठल्या पुस्तकातून?

वर्ग सुटल्यावर डॉक्टर इद्रीस जिन्यात थांबले,
चष्मा पुसत,
म्हणाले, आमच्या गावी नदी होती, मला असलं कधी सुचलं नसतं.
मग अचानक,
तो टँकर अजून येतो का?

मी दोन हजार चौदालाच इकडे आलो, सर.

ते काही बोलले नाहीत. मीही नाही.
खाली पार्किंगमध्ये मैथाचा भाऊ हॉर्न वाजवत होता,
बंदराकडचे दिवे लागलेले, त्यातले काही माझे,
आणि खिशात तहूराचा मेसेज:
आज काही अडलं नाही का?