शेरा

तंदुरुस्ती चाचणीचा तक्ता छापून येतो.
नाव, वय, उंची, वजन,
सहाशे मीटर, शटल रन, लांब उडी,
आणि शेवटी शेरा, दोन बोटं जागा.
पत्त्याचा रकाना नाही.

पण सतरा वर्षं गळ्यात शिट्टी आहे.
मूल पळायला लागलं
की मला त्याचं घर दिसतं.

शार्दूल बेदमुथा. पाथर्डी फाटा, अकरावा मजला.
सहाशे मीटरला तिसऱ्या वळणावरच चालू लागतो,
कमरेवर हात, निवृत्त काकांसारखा.
पण शटल रनमध्ये त्याला कुणी गाठत नाही.
"बाई, आमच्या पार्किंगात दोन खांब आहेत,
वॉचमन ओरडेपर्यंत तेवढंच पळता येतं."
शेपटीवर पाय पडल्यासारखा गर्रकन वळतो.
सरळ पळत जायला
त्याच्या आयुष्यात अजून जागा आलेली नाही.

झिशान मणियार, भद्रकालीच्या मागं.
लांब उडीत वाळू संपली, हा नाही संपला.
"आमच्या गल्लीतलं गटार याहून रुंद आहे," म्हणाला
आणि मग बराच वेळ खोकत बसला.
घराखाली भांड्यांना पॉलिश करायचं मशीन आहे.
खोकल्याचाही रकाना नाही.

यमुना भोये.
पेठच्या पुढं डांबर संपतं, तिथून दोन टेकड्या.
पाचवीत आली तेव्हा
नवे बूट हातात धरून पळाली,
मी घड्याळ दाबायचं विसरले.
पुन्हा पळवली. दोन मिनिटं चार सेकंद,
धाप नावाला नाही.
सगळे म्हणाले, रक्तातच असतं यांच्या.
रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ निघालं.
पळणं रक्तात नव्हतंच,
ते त्या टेकड्यांत होतं,
झऱ्यापर्यंतच्या दिवसाला तीन खेपांत.

आता ती आठवीत आहे, हॉस्टेलवर.
रक्त अकराच्या वर आलंय, गाल भरलेत,
नळ दाराशी आहे,
आणि असूच दे.
पोरीच्या डोक्यावर पुन्हा हंडा ठेवा
असं मी मेले तरी म्हणणार नाही.

पण काल सहाशे मीटर, दोन मिनिटं एक्कावन्न.
रेषा ओलांडून तिनं माझ्याकडं पाहिलं,
वर्गातला खडू चोरताना सापडल्यासारखं.
मैदानावर जानेवारीचं धुकं होतं,
ओठाला शिट्टी गार लागत होती.
मी म्हटलं, पाणी पी.
दुसरं काही सुचलं नाही.

संध्याकाळी तक्ते भरायला बसले.
(मीसुद्धा तिसऱ्या मजल्यावर लिफ्टनं जाते.
माझ्यावर कुणी शेरा मारत नाही.)
नेहमीचे शेरे पाठ आहेत:
सराव वाढवावा. आहार सकस हवा. समाधानकारक.
शार्दूलला एक दिला, झिशानला एक.
यमुनाच्या ओळीपाशी पेन अडलं.
मग शार्दूल, झिशानचेही खोडले.

तिच्यापुढं दोन बोटं जागेत
बारीक अक्षरात लिहिलं:
हॉस्टेलचं फाटक साडेपाचला बंद होतं.
शाळा सव्वापाचला सुटते.