अतारांकित

लुमाण्णा घाडीचा अर्ज एका पानाचा, पाठपोट,
पोराच्या वहीतून फाडलेला, कडेला दोऱ्याची भोकं.
त्यात साकव चार वेळा "कुजका",
साहेब लोक दोनदा "दगडाच्या काळजाचे".
पाण्याला मात्र त्यानं काहीच म्हटलं नव्हतं.

मी आमदारांचे प्रश्न लिहिते.
खानापूर स्टँडमागं, झेरॉक्सच्या दुकानावरची माडी,
नुडीचा कीबोर्ड, नियमांचं पुस्तक.
नियम म्हणतो: प्रश्नात तर्क नको, उपरोध नको,
आरोप नको, विशेषण नको.
प्रश्न एकाच गोष्टीविषयी असावा.
लुमाण्णाच्या घरी एकच गोष्ट
अशी सुटी कधी आलेली नाही.

"कुजका" चार वेळा खोडला.
साहेबांची काळजंही काढून टाकली.
उरला साकव.
तो मराठीतून कन्नडात न्यायचा होता,
हळू, एका वेळी एक पाय,
पाचव्हाळची माणसं जूननंतर जातात तसा.
शब्द सापडला: कालुसंक.
कालु म्हणजे पाय. माझ्या डोळ्याला तो अजूनही
आधी "काल" दिसतो, मग पाय.

अ) पाचव्हाळचा कालुसंक नादुरुस्त असल्याचे
सरकारच्या लक्षात आले आहे काय?
आ) असल्यास, काय कार्यवाही केली?
इ) नसल्यास, कारणे काय?

("नादुरुस्त" हेही विशेषणच.
पण सरकारी आहे, चालून जातं.)

तारा मागितला होता. सोडतीत लागला नाही.
लागला असता तर मंत्री उभे राहिले असते,
आमच्या आमदारांनी उपप्रश्न विचारला असता,
निदान कुणीतरी भर सभागृहात
पाचव्हाळ हे नाव तोंडानं उच्चारलं असतं,
चुकीचं का होईना.

डिसेंबरात हलग्याच्या माळावरची ती पांढरी इमारत
दहा दिवस जागी होते.
त्यातल्या सातव्या दिवशी उत्तर आलं,
दोन रकाने, डावीकडे आम्ही, उजवीकडे ते.
अ) बंदिदे.
आले आहे.
एवढा एक शब्द मी बराच वेळ बघत बसले.
आ) सदर कालुसंक मागील आर्थिक वर्षात
चार लाख साठ हजार खर्चून नव्याने बांधला असून
लांबी अठरा मीटर.
इ) उद्भवत नाही.

रविवारच्या बाजाराला लुमाण्णा आला.
त्याला वाचून दाखवलं, आधी कन्नडात, मग आपल्यात.
मला वाटलं ओरडेल.
तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला.
"आमचा व्हाळ बाराच मीटर हाय की बाई.
सरकारी माणसानंच टेप धरून मोजलेला.
मग वरचा सहा मीटर कुठं बांधला म्हणायचा?"

तेव्हा मला कळलं की चांगला प्रश्न
वहीत नसतो, पुस्तकातही नसतो,
उत्तराच्या पोटात असतो, बीसारखा.
मी लगेच बसले. एकही विशेषण लागलं नाही:
अ) सदर कालुसंक सध्या कोठे आहे?

नोटिशीला पंधरा दिवस लागतात.
अधिवेशनाचे तीनच उरलेत.
म्हणजे पुढचं, जुलैत, बेंगळुरूला,
आणि तेव्हा तो व्हाळ
कुणाच्याच लक्षात यायची वाट बघणार नाही.

लुमाण्णानं उत्तराची एक प्रत मागून घेतली.
मी म्हटलं, काय करणार? खोटं आहे ते.
"असूं दे की. पूल हाय म्हणून लिवून दिलंय त्यांनी, शिक्क्यासकट."
मग रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत
त्यानं तो कागद चार घड्या घालून ठेवला,
वरनं दोरा गुंडाळला, गाठ मारली,
साकवावरनं जाताना भिजू नये म्हणून.